चौदा नंबर रिजेक्ट

माझ्या सासऱ्यांइतका मनापासून रागावणारा माणूस शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडायचा नाही. बाकीचे लोक काहीतरी बिघडलं की रागावतात. आमचे आप्पा सकाळी उठतात तेच रागावलेले, आणि मग त्या रागाला शोभेलसं कारण शोधत दिवसभर हिंडतात. कारण मिळतंच. बँकेतल्या पेनाला बांधलेली दोरी फॉर्मपर्यंत पोचत नाही, बिस्किटाच्या पुड्यावर 'येथून फाडा' लिहिलेलं असतं तिथून तो फाटत नाही, दवाखान्यातलं घड्याळ चार मिनिटं मागे असतं. दुसरा एखादा चरफडला असता आणि घरी आला असता. आप्पा चरफडतात, घरी येतात, आणि हत्यारं घेऊन परत जातात. बँकेतल्या त्या पेनाला त्यांनी स्वतःच्या खिशातली वीतभर सुतळी जोडली, तेव्हा मॅनेजर केबिनमधून बाहेर आला होता. "तुमच्याकडं एवढी माणसं हायेत, एकाचाबी हात आखूड पडला न्हाई का आजवर?" असं त्याला विचारून आप्पा निघून आले.

रांजणगावच्या एका कंपनीत टूलरूमला त्यांची तीस वर्षं गेली. केसाच्या जाडीएवढाही फरक पडला की जॉबवर, म्हणजे तयार झालेल्या सुट्या भागावर, लाल स्टिकर मारायचं, रिजेक्ट. रिटायर झाले तेव्हा कंपनीने त्यांना शाल, नारळ आणि घड्याळ दिलं. स्टिकर मारायची सवय मात्र काढून घ्यायची राहिली. आमच्या लग्नात मुहूर्त बारा पस्तीसचा होता आणि वरात अजून मारुतीपाशीच नाचत होती. आप्पांनी स्वतःच्या मुलाला घोड्यावरून खाली उतरवलं, मोपेडवर मागे बसवलं आणि बारा तेहतीसला मांडवात आणून सोडलं. बाशिंग वाऱ्याने तिरकं झालेला माझा नवरा वडिलांच्या कमरेला धरून बसलाय, हे माझं त्या दिवशीचं पहिलं दर्शन. माझी आई मला मागून हळूच म्हणाली, "असू दे गं. तापट हाय, पण माणूस वेळेवर आणून पोचवतोय."

मी बाळंतपणाला खुटबावला माहेरी गेले. ऑपरेशन झालं, मुलगी झाली. पाचव्या आठवड्यात आप्पा शिरूरहून एकटेच न्हावरा-चौफुला करत नात बघायला आले. रात्री मुक्काम केला आणि सकाळी उठून माझ्या वडिलांच्या झेंडूच्या रानाकडे फिरायला गेले. रानाच्या कडेने कालव्याची चारी जाते. चारीच्या गेटला काहीतरी पांढरं, फुगलेलं अडकलं होतं, आणि त्याच्यामुळे निम्मं पाणी रस्त्यावर चाललं होतं. आप्पांनी बाभळीची काठी घालून ते ओढून काढलं. कुणीतरी टाकलेलं बाजारचं डायपर. पाणी पिऊन उशीएवढं झालेलं.

ते काठीवर लटकावून आप्पा गावात शिरले. "हे कुणाचं हाय?" पहिल्या घरी विचारलं, दुसऱ्या घरी विचारलं, दूध घालायला निघालेल्या माणसांना थांबवून विचारलं. "पाणी पिकाला हाय का ह्याला? हे कुजत न्हाई, वाळत न्हाई, बुडतबी न्हाई! ज्यानं टाकलं त्याला माझ्यापुढं उभा करा!" पारावरच्या एका म्हाताऱ्याने शांतपणे सुचवलं, "पाव्हणं, ज्याच्या घरात तान्हं हाय त्याचंच आसंल की." गावाच्या त्या अंगाला तान्हं मूल दोनच घरांत होतं. एका घरात आजोबांच्या धोतराची दुपटी वापरत होते. उरलं दुसरं घर.

मी ओसरीवर बाळाला घेऊन बसले होते. आप्पा काठी घेऊन अंगणात आले, आणि माझ्या आईने कपाळावर हात मारला. त्या फुगलेल्या डायपरवर निळे हत्ती होते. माझ्या मांडीवर झोपलेल्या आप्पांच्या नातीच्या कमरेलाही निळे हत्ती होते. आप्पांनी एकदा काठीवरच्या हत्तींकडे बघितलं, एकदा मांडीवरच्या. आईनेच ते उकिरड्यावर टाकलं होतं आणि कुत्र्याने ओढून नेलं असावं, पण हे सांगायचा धीर कुणालाच झाला नाही. हे व्याह्याचं घर. व्याह्याच्या घरात ओरडता येत नाही. आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आईने पुढे केलेला कढत चहा त्यांनी एका घोटात संपवला, आणि बाळाला बघायला खाली वाकले. तिच्या जांघेत लाल चट्टे उठलेले होते. पाठीवर मऊ हात फिरवून ते सरळ झाले आणि मला एवढंच म्हणाले, "मी बघतो."

पुढचं मला सासूबाई रोज फोनवर सांगायच्या. गिळलेला राग घेऊन आप्पा शिरूरला पोचले ते थेट मुलासमोर उभे राहिले. कापडी डायपर घरी शिवायचं, त्याचं ड्रॉइंग पाहिजे म्हणाले. माझ्या नवऱ्याने मोबाइलवर शोधून एक नमुना काढून दिला. कागदावर छापून घ्यायचा, कापायचा, आणि त्याबरहुकूम कापड बेतायचं. आप्पा स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. ते दुकान एक बाई चालवतात. त्यांनी चार पानं छापून दिली. नमुन्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन होता आणि हा चौकोन बरोबर एक इंच भरला पाहिजे असं त्याखाली लिहिलं होतं. हे जगात फक्त आप्पांनीच वाचलं असावं. त्यांनी खिशातून व्हर्निअर काढला, मिलिमीटरच्याही आतलं मोजणारं ते स्टीलचं माप, आणि काउंटरवरच मोजलं.

"तेवीस पॉइंट सहा! पंचवीस पॉइंट चार पाहिजे!"

"आप्पा, पान तर पूर्ण आलंय की. कुठं कापलं न्हाई," त्या बाई म्हणाल्या.

"कापलं न्हाई, आखडलंय! शंभराला सात कमी! माझ्या नातीची मांडी शंभराला सात बारीक करू का मी आता?"

मशीन आपोआप पानाच्या मापात बसवतं, असं त्या बाईंनी समजावलं. यंत्र आपल्या मनाने माप बदलतं, हे ऐकून आप्पांना स्टुलावर बसावं लागलं. मग त्यांनी स्वतः मागे उभं राहून सेटिंग बदलून घेतलं आणि चौकोन पंचवीस पॉइंट चार येईपर्यंत दुकान सोडलं नाही. मागे कॉलेजच्या प्रवेशाची रांग लागली होती. त्या रांगेतल्या पोरांनाही त्यांनी आपापले दाखले मोजून बघायला सांगितलं.

कागदाचा नमुना दमट हवेत फुगेल म्हणून त्यांनी तो पत्र्यात कापला. पत्र्याच्या कडा कानशीने घासून इतक्या गुळगुळीत केल्या की सासूबाई म्हणाल्या, "ह्यो पत्राच गुंडाळा पोरीला." शिलाई मशीन सासूबाईंचं. ब्लाउज, परकर, आसपासच्या पोरींचे फ्रॉक त्यांनी त्याच्यावर शिवलेले, त्यामुळे एक लंगोट शिवणं हे त्यांचं अर्ध्या तासाचं काम. पण आप्पांनी त्यांना हात लावू दिला नाही, कारण सासूबाई 'अंदाजाने' शिवतात. आप्पांनी मापाने शिवायला घेतलं आणि सात सुया मोडल्या. सगळ्यात मोठं वैर होतं ते इलॅस्टिकशी. ते ओढून धरून शिवावं लागतं, आणि किती ओढायचं याला आकडा नाही. "ज्याला स्वतःचं माप न्हाई त्याच्यावर भरवसा कसा ठिवायचा?" असं ते इलॅस्टिकला तोंडावर विचारत.

रोज संध्याकाळी मला फोन. "घेर किती?" आई टेप लावून सांगायची, एकेचाळीस सेंटिमीटर. "पोट भरल्यावर का आधी?" मग दोन्ही सांगायचे. तो आकडा घेऊन आप्पा शिरूरच्या बाजारात गेले आणि डांगर भोपळ्याच्या ढिगापुढे टेप घेऊन बसले. एकेक भोपळा उचलायचा, कमरेला टेप लावायचा, खाली ठेवायचा. भाजीवाली बराच वेळ बघत राहिली. "आबा, भाजीला न्यायचाय का सदरा शिवायचाय त्याला?" आप्पा रागावून म्हणाले, "लंगोट!" आणि एकेचाळीस घेराचा भोपळा घेऊन आले. त्याला पहिला डायपर घातला, आत फुलपात्रभर पाणी ओतलं, टिचबटणं लावली आणि वर्तमानपत्रावर तीन तास ओट्यावर बसवून ठेवला. हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आलेल्या शेजारणीने लंगोट नेसलेला भोपळा बघून, काहीतरी व्रत असेल म्हणून, हात जोडले. पहिला गळला. दुसरा गळला. पाचवा कोरडा राहिला. त्या भोपळ्याची भाजी करायला सासूबाईंनी साफ नकार दिला. "त्यात नुसतं नळाचं पाणी होतं!" म्हणून आप्पा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

मी चार महिन्यांची मुलगी घेऊन शिरूरला आले तेव्हा चोवीस डायपर तयार होते. बाहेरून पाणी न झिरपणारं मऊ कापड, आत फ्लॅनेल, मध्ये आप्पांच्या जुन्या बनियनचे सहा थर. प्रत्येकावर लाल दोऱ्याने नंबर. आणि खरं सांगते, ते चांगले होते. इतके चांगले की दोन आठवड्यांत पोरीचे चट्टे गेले, मांड्या लोण्यासारख्या झाल्या. हाच तर वैताग होता. वाईट असते तर मी ते बोहारणीला देऊन टाकले असते.

कारण आप्पांच्या ड्रॉइंगमध्ये एक गोष्ट नव्हती. चोवीस डायपर घातले जातात, म्हणजे चोवीस डायपर धुतले जातात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी बाजारच्या डायपरचं उरलेलं पाकीट दुकानदाराला परत नेऊन दिलं आणि घरात ते आणायचं नाही असं जाहीर केलं. आठवड्याने माझी रजा संपली. कंपनीची बस सहा दहाला कोपऱ्यावर येते. त्याआधी पोरीला पाजायचं, डबा करायचा, दूध काढून ठेवायचं. परत आल्यावर न्हाणीत बादली वाट बघत असायची. सासूबाईंच्या मनगटात वर्षभर कळ होती, त्यांना पिळता येत नव्हतं. नवऱ्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, आणि तो मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणायचा, "मशीनमध्ये टाकायचं की." मशीनमध्ये टाकायच्या आधी ते खरवडावं लागतं. मशीन खरवडत नाही. पहिले चार दिवस मी काही बोलले नाही, नंतरचे वीस दिवस मनात बोलले. माझ्या पोटाचा टाका वाकलं की ओढायचा. साबणाने बोटांची कातडी फुटली होती आणि कंपनीत खोक्यांवर टेप लावताना तिच्यातून रक्त यायचं. गल्लीतल्या बायका मात्र मला थांबवून सांगायच्या, "नशीब काढलंस गं. असा सासरा कुणाला मिळतोय!"

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मी त्या दिवसांत खरोखर पेटले होते. सासऱ्याचं कौतुक ऐकलं की माझ्या दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

मग माझ्या सुट्टीचा एक दिवस. सकाळपासून बसून मी सगळे चोवीस धुतले आणि अंगणातल्या तारेवर वाळत घातले. कंबर धरून पायरीवर टेकले, तोच आप्पा चष्मा लावून बाहेर आले आणि तारेखालून सावकाश चालायला लागले. एकेक डायपर उलटा करून बघत होते. मध्येच थांबले. एक उन्हासमोर धरला.

"पोरी, चौदा नंबर रिजेक्ट हाय. डाग राहिलाय. पुन्यांदा धू."

मी उठले. तारेवरचा चौदा नंबर ओढून काढला, शेजारचा तेरा आणि पंधराही ओढला, आणि तिन्ही ओले गोळे आप्पांच्या पायाशी फेकले. त्यांच्या धोतरावर पाणी उडालं.

"आप्पा, शिवलं कुणी?"

"मी," आप्पा म्हणाले. त्यांना अजून कळलं नव्हतं.

"मोजलं कुणी? छापून कुणी आणलं? भोपळ्याला कुणी घातलं? सगळं तुम्ही. सगळ्या गावात नाव तुमचं. मग धुणार कोण, हे कुठल्या कागदावर लिवलंय? चार पानं छापलीत ना, दाखवा मला एक पान, ज्याच्यावर माझं नाव हाय! हे हात बघा माझे. ह्यांना लावा तुमचं लाल स्टिकर!"

माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार, कारण समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. या घरात आवाज चढवायचा मान आजवर एकाच माणसाचा होता. आप्पांनी तोंड उघडलं. मी आता काय येईल ते यायला तयार होते. पण बोलल्या त्या सासूबाई. स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसलेल्या, मान वर न करता, अगदी रोजच्या आवाजात.

"इचार पोरी, नीट इचार. मला त्या टायमाला इचारायचं सुचलंच न्हाई."

आणि पुढची जुडी सोडली.

आप्पांनी तोंड मिटलं. त्यांनी वाकून ते तिन्ही गोळे उचलले, ठेवायला जागा सुचेना म्हणून थोडा वेळ हातातच धरले, मग बादलीत ठेवले आणि मोपेड काढून निघून गेले. मला वाटलं, आता हे जेवायला येत नाहीत. मी आत जाऊन रडले, आणि रडताना सुद्धा माझा राग गेला नव्हता.

दोन तासांनी आप्पा आले. झाकणाची एक मोठी बादली, ब्रश, रबरी हातमोजे आणि बसायला प्लॅस्टिकचं स्टूल. बादलीचं झाकण घट्ट बसत नाही म्हणून दुकानदाराशी भांडून तिसरी बादली घेतली होती. माफी वगैरे शब्द आमच्या घरात कुणाच्या तोंडात बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी डब्याला उठले, तर अंगणातला नळ चालू. आप्पा स्टुलावर बसून धूत होते, आणि रागावलेले होते. साबणावर, फेसावर, डागावर. "निघ! निघ म्हनतो ना!" असं चौदा नंबरला दटावत होते. नंतर नंतर त्यांनी पद्धत बसवली: आधी गार पाणी, मग साबण, मग उन्हात उलटा. कुणी शेजारच्या अंगणातून हसलं तर त्याची खैर नसायची. शेजारचे एक रिटायर मास्तर फाटकावर थांबून म्हणाले, "काय आप्पा, ह्या वयात ही कामं?"

"ह्या वयात म्हंजी? त्या वयातच करायला पायजे हुती, तवा अक्कल नव्हती," आप्पा ओरडले. "आता आलीय, तर मधी उभं ऱ्हाऊ नगा, ऊन अडतंय!"

दीड वर्ष हे चाललं. सुट्टीच्या दिवशी माझ्या नवऱ्याची पाळी लावली गेली, आणि त्याने धुतलेल्यातले निम्मे आप्पांनी रिजेक्ट केले. तो रागावून माझ्याकडे बघायचा. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. सासऱ्यांवरचा माझा राग केव्हा गेला ते मला सांगता येणार नाही. एकदम गेला नाही. बोटांची कातडी भरून येईतो थोडा थोडा गेला असावा.

मुलगी आता अडीच वर्षांची आहे. 'शू' असं ओरडून स्वतःच न्हाणीकडे पळते. डायपरांचं काम संपलं, तेव्हा आप्पांनी ते चोवीसही स्वच्छ धुऊन, नंबर लावून, मागच्या खोल्यांत राहायला आलेल्या बिहारी जोडप्याच्या बाळाला दिले. देताना बाईला सोडून नवऱ्याला समोर बसवलं आणि आपल्या हिंदीत बजावलं, "धोने का काम तुम्हारा. समझा क्या? उसको नहीं बोलने का." तो बिचारा मान हलवत होता.

गेल्या आठवड्यात मी बसमधून उतरून घरी आले, तेव्हा अंगणात दोघं समोरासमोर उभे होते. सासूबाईंचं नऊवारी लुगडं आप्पांनी धुतलं होतं, आणि दोघं दोन टोकं धरून पिळत होते. डायपरांनंतर लुगडी कधी त्यांच्याकडे आली, मला ठाऊक नाही. मी कंपनीत असते. लुगडं नुसतंच गोल गोल फिरत होतं आणि पाणी काही निघत नव्हतं. "उलटं पिळ! उलटं पिळ म्हनतोय मी!" आप्पा रागावत होते. पण हल्ली त्यांना मध्येच दम लागतो, आणि आवाज फाटकाच्या बाहेर येत नाही.

"तुमीच उलटं पिळताय," सासूबाई म्हणाल्या.

आप्पा थांबले. आपल्या हातांकडे बघितलं, त्यांच्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी हात फिरवायची दिशा बदलली. लुगड्याला पीळ बसला आणि मधोमध पाण्याची धार लागली. मनगट दुखत असूनही सासूबाईंनी पकड सोडली नाही, आणि आप्पांनी नेहमीसारखं जोरात ओढलं नाही. मी डब्याची पिशवी घेऊन फाटकाशीच थांबले. आत जायची घाई नव्हती.